हात लावण्यापूर्वी

जून १९८४ मध्ये वसईची वाडी सोडून आम्ही शहापूर तालुक्यात शिक्षकाच्या नोकरीवर रुजू झालो, तेव्हा आमचे वय तीस होते आणि आपल्याला पाठ आहे याची फारशी जाणीव आम्हांस नव्हती. किन्हवलीहून सरळगावमार्गे मुरबाडकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या कडेचे ते गाव. गावाची अर्धी सोयरीक शहापूरकडे, अर्धी मुरबाडकडे. आमच्या वसईला विहीर दारात आणि तिच्यावर रहाट. येथे विहीर टेकडीच्या पायथ्याशी, आणि चैत्र लागला की तिचाही तळ दिसू लागे. गावातील बाया डोक्यावर हंडा आणि हंड्यावर कळशी घेऊन ती टेकडी दिवसातून चार-पाच वेळा चढत. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत ते पाणी वाहून जाते, त्यांच्या मानेवर मात्र हंडा कायम राहिला आहे.

पहिल्याच हिवाळ्यात एके सकाळी कळशी उचलावयास आम्ही वाकलो आणि वाकलेलेच राहिलो. कमरेत अशी काही चमक निघाली की श्वास घेण्याचीही चोरी झाली. शेजारच्या आजीने एका दृष्टिक्षेपात निदान केले, "गुरुजी, उसण भरली." आणि लगेच आपल्या नातवाला कोणाला तरी बोलावण्यास पिटाळले. आम्हांस वाटले, वैद्य येत असेल. आला तो आमच्याच इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी! हा मुलगा पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेला. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पोर दारात अवघडून उभे. "गुरुजींना लाथ कशी मारू?" हा त्याच्यापुढील नैतिक प्रश्न खरोखरच बिकट होता. अखेर आजीच्या धाकाने त्याने आमच्या कमरेला अंगठा टेकविला आणि धूम ठोकली. हा मुलगा वरचेवर शाळा का बुडवितो, याचा उलगडाही त्या दिवशी झाला. सकाळच्या वेळी त्याच्या पायाला चार पाड्यांतून मागणी असे.

उसण काही त्या अंगठ्याने उतरली नाही. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी आम्हांस बैलगाडीत निजवून मुरबाड तालुक्यातील एका ठाकरवाडीत नेले. तेथे एक वृद्ध वैदू राहत असे. हाडे बसविण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. तो ही विद्या गुरांवर शिकला होता. पौषात म्हसा येथे जी मोठी जत्रा भरते आणि जेथे गुरांचा बाजार लागतो, तेथे तो तरुणपणापासून जाई आणि लंगडणाऱ्या जनावरांचे पाय चाचपून पाही. त्याने आधी निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, मोहाच्या तेलाने कंबर चोळली. मग आम्हांस कुशीवर निजविले, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेच्या हाडावर ठेवून हलकेच पीळ दिला आणि एक बेताचा झटका मारला. आतून 'कट्' असा आवाज आला. आम्ही उठून उभे राहिलो ते सरळ! घरी परतताना आम्ही गाडीत बसून आलो. त्या दिवसापासून वैदूबाबांवर आमची श्रद्धा बसली.

पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की नव्याने धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच सैल होते. म्हणजे आमच्या बरे होण्याचे श्रेय वैदूबाबा, चौथीतील पायाळू आणि केवळ काळ या तिघांत वाटून द्यावे लागेल. तो 'कट्' आवाजही सरकलेले हाड जागी बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होते, तेव्हा तो आवाज येतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटांच्या सांध्यांची एमआरआय चित्रे घेऊन हे दाखविले. परंतु स्नायूंचा आकस सुटतो, वेदना थोडी ओसरते, माणूस हालचाल करू लागतो आणि हालचालीनेच पुढे बरा होतो, एवढे त्या झटक्याचे पुण्य मान्य केलेच पाहिजे.

दुसरा प्रसंग मानेचा. तालुक्याच्या गावी एका केशकर्तनालयात आम्ही महिन्यातून एकदा जात असू. दाढी झाली की कारागीर डोक्याची चंपी करी आणि अखेरीस हनुवटी व माथा धरून मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे कडाड्कन मोडी. त्यात एक सुख असे, हे आम्ही नाकारीत नाही. १९८६ च्या पावसाळ्यात मात्र त्याने मान मोडली आणि आमच्या डोळ्यांपुढे दुकान गरगर फिरू लागले. उलटी झाली, डावा हात बधिर झाला. तासभर बाकावर पडून राहिलो तेव्हा कोठे भान आले. देवाच्या कृपेने तेवढ्यावर निभावले. वैदूबाबांना ही हकीकत सांगितली तेव्हा तो शांत माणूस संतापला. "बैलाची मान पण कोणी अशी पिळत न्हाय, गुरुजी! मानेला चोळावं, शेकावं. झटका न्हाय द्यायचा." मानेत काय आहे हे त्याने कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते, पण मान म्हणजे कंबर नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, तो प्रसंग. १९८८ च्या सुरुवातीस आमच्या पत्नीची पाठ दुखू लागली. गावातील इतर बायांप्रमाणे तीही टेकडीखालून पाणी आणी. तेव्हा कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटली नाही. आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दुखणे थांबे, गोळी सरली की पुन्हा सुरू होई. असे चार महिने गेले. अखेर आम्ही म्हटले, हे काम वैदूबाबांचे. आमचे तर एका झटक्यात झाले होते. आम्ही तिला मोठ्या विश्वासाने ठाकरवाडीत घेऊन गेलो.

वैदूबाबांनी तिला ओटीवर बसविले, पण हात लावला नाही. आधी विचारले, "बाई, रातीला निजल्यावर दुखणं कमी व्हतं का वाढतं?" ती म्हणाली, वाढते; रात्री कुशीही बदलवत नाही. "सांजच्याला अंग गरम व्हतं?" तिने आमच्याकडे पाहिले. कसर येते, असे ती म्हणाली. आम्हांस ते माहीत नव्हते. "पोलकं सैल झालंय का?" ती काही बोलली नाही, पण दोन महिन्यांत तिने सर्व पोलक्यांना टीप मारून घेतली होती, हे आम्हांस आठवले. मग त्याने मानेपासून खाली अंगठा फिरवीत आणला आणि पाठीच्या मध्याखाली एका मणक्यावर बोटाच्या पेराने अगदी हलके ठोकले. ती कळवळली.

वैदूबाबांनी हात मागे घेतला. "गुरुजी, ह्ये माझ्या हातचं काम न्हाय. फोटो काढा. उद्याच्या उद्या."

आम्ही हट्ट धरला. निदान शेक द्या, थोडे चोळून द्या. त्याने मान हलविली आणि आम्हांस अंगणात बाजूला नेले. तेथे त्याने जे सांगितले ते पस्तीसहून अधिक वर्षे आमच्या मनातून गेलेले नाही. खूप वर्षांपूर्वी एक तरणा पोर त्याच्याकडे असाच आला होता. पाठीवर लहानसा उंचवटा होता. वैदूबाबा तेव्हा तरुण होता, हाताला यश होते, नावलौकिक होता. त्याने काही न विचारता पाठ दाबली आणि झटका दिला. "त्या पोराला चालत आणला व्हता, गुरुजी. डोलीत घालून नेला. पुन्ना त्यानं पाय उचलला न्हाय." एवढे बोलून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तवापासनं मी आदी इचारतो."

कल्याणला क्ष-किरण चित्र काढले. मणक्याचा क्षय निघाला.

वाचकहो, क्षय म्हणजे केवळ छातीचा रोग अशी आपली समजूत असते. तो हाडांतही उतरतो, आणि हाडांत उतरला म्हणजे सर्वांत अधिक वेळा पाठीच्या कण्यात उतरतो. इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून आजही त्याला त्यांचे नाव आहे. यात मणक्याचे हाड आतून पोखरले जाते, पुढून ढासळते आणि पाठीवर कुबड येते. पोखरलेल्या अशा मणक्यावर जोराचा दाब पडला, तर त्यामागून जाणारी मज्जारज्जू चेंगरून पाय कायमचे लुळे पडू शकतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. तेव्हा पाठीला हात लावण्यापूर्वी आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आमच्या पत्नीने दीड वर्ष औषधे घेतली, काही महिने पाठीला आधार बांधून अंथरुणावर काढले. आज ती किंचित वाकून चालते, पण चालते. वैदूबाबांनी त्या दिवशी आमच्या हट्टापुढे मान तुकविली असती तर काय झाले असते, याचा विचार आम्ही एकमेकांशी कधीच बोलून दाखविलेला नाही.

ही जुनी हकीकत आज सांगण्याचे कारण असे. आमची कन्या कॅनडात असते. संगणकापुढे बसून तिची मान आणि कंबर दोन्ही धरतात. २०२३ साली एका रात्री तिचा फोन आला. ती एका कायरोप्रॅक्टरकडे गेली होती. तेथे दोन पानांचा प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि मग संमतीपत्र पुढे ठेवले. मानेच्या उपचारानंतर क्वचित पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, असे त्यात छापलेले होते. ती घाबरून बाहेर येऊन बसली होती. "पप्पा, सही करू का?"

आम्ही डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मुलीचा होता, आणि ठाकरवाडीतील ते अंगण डोळ्यांपुढे होते. दोन दिवसांची मुदत मागून आम्ही जे वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, ते येथे थोडक्यात मांडतो.

कायरोप्रॅक्टिक ही हातांनी मणक्यावर उपचार करण्याची पद्धती अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी १८९५ साली सुरू केली. बहुतेक सर्व रोग मणके सरकल्यामुळे होतात, असा त्यांचा दावा होता. तो दावा विज्ञानाच्या कसोटीस उतरलेला नाही. दमा, बहिरेपणा, पोटाचे विकार मणका दाबून बरे होतात असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. परंतु कंबरदुखीपुरते पाहिले तर या हस्तोपचारांचा काही उपयोग आहे, हे चाचण्यांनी दिसून आले आहे. नव्या कंबरदुखीत काही आठवडे माफक आराम मिळतो; जुन्या कंबरदुखीत तो व्यायामादी अन्य मान्य उपचारांइतकाच गुणकारी ठरतो, त्याहून फारसा अधिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यायाम, रुग्णास नीट समजावून सांगणे आणि मसाज यांच्याबरोबर मणक्यावरील हस्तोपचारही त्यांत एक पर्याय म्हणून आहेत. उलट, कमरेला पट्टे बांधणे आणि वजन लावून ताणणे हे उपाय सरसकट करू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. आपल्याकडील किती घरांत असा पट्टा खुंटीला टांगलेला असेल!

मानेची गोष्ट निराळी. मानेत सात मणके. त्यांपैकी वरच्या सहा मणक्यांच्या बाजूंना छिद्रे असतात आणि त्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर चढतात. सर्वांत वरच्या मणक्यापाशी त्या वळण घेतात. मान अचानक जोराने पिळली तर धमनीचे आतील अस्तर फाटू शकते. तेथे रक्त गोठते आणि ती गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. असे फार क्वचित घडते. शिवाय काहींची धमनी आधीच फाटू लागलेली असते, त्यामुळेच मान दुखत असते आणि त्या दुखण्यासाठीच ते उपचाराला जातात. म्हणून प्रत्येक वेळी दोष झटक्याचाच, असे म्हणता येत नाही. तरीही मानेच्या हस्तोपचारापूर्वी रुग्णास या संबंधाची कल्पना द्यावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सांगितले. कॅनडातील त्या कागदावर ते वाक्य होते ते याचसाठी. आपल्या केशकर्तनालयात असा कागद कोणी पुढे करीत नाही. दिल्लीत २०१७ साली अशाच चंपीनंतर एका गृहस्थाच्या श्वसनपटलाकडे जाणाऱ्या नसेला इजा झाली. कर्नाटकातील बल्लारी येथे २०२४ साली एका तरुणाला मान पिळून घेतल्यावर पक्षाघात झाला. १९८६ साली बाकावर पडलेले आम्ही ही वृत्ते वाचून कितीदा तरी मानेवरून हात फिरविला आहे.

मुलीला आम्ही कळविले ते असे: कमरेवर उपचार करून घ्यावयाचा तर घे, ज्याने दोन पाने प्रश्न विचारले, तो माणूस बरा. मानेला मात्र झटका देऊ नको असे स्पष्ट सांग. हळुवार हालचाल आणि व्यायाम मागून घे. तिने तसेच केले. त्या कायरोप्रॅक्टरनेही राग न मानता तिला मानेचे व्यायाम शिकविले. रोज दहा मिनिटे ती ते करते.

आता आपल्याकडील तरुणांच्या मोबाईलवर हाडे कडाकड मोडण्याची दृश्ये येतात, आणि ती पाहून शहापूर-मुरबाडकडेही कोणी कोणाची मान धरू लागले आहे. एका बाजूस परंपरेने आलेला वैदू, दुसऱ्या बाजूस भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेला तज्ज्ञ. यांत जुना वाईट आणि नवा चांगला, किंवा त्याच्या उलट, असा निवाडा आम्ही करणार नाही. गोळ्या देणाऱ्याने चार महिन्यांत जे विचारले नाही, ते वैदूबाबाने चार मिनिटांत विचारले. पण त्याच वैदूबाबाने एका तरुणाचे पाय घालविले होते, हेही तितकेच खरे. म्हणून माणूस कोणत्याही विद्येचा असो, तो आधी विचारतो की आधी हात घालतो, एवढे पाहावे. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळची कसर, उतरलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, म्हातारपणी झालेले लहानसे पडणे, हातापायांत आलेली कमजोरी यांपैकी काही असेल तर पाठीला कोणाचाही हात लावू न देता प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानदुखीबरोबर चक्कर येत असेल, दृष्टी दुहेरी होत असेल किंवा बोलणे अडखळत असेल तरीही तसेच. क्षय निघालाच तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणि यांपैकी काहीच नसेल, तर अंथरुणाला खिळून राहू नये. फळीवर निजून राहण्याचा जुना सल्ला वैद्यकाने केव्हाच सोडून दिला आहे. झेपेल तसे चालावे, फिरावे, शेक घ्यावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही हस्तोपचाराने साधणारी नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे मानेवर पंधरा किलो पाणी, भांडे वेगळेच. आषाढात दिवसभर वाकून भाताची लावणी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर विटांची पाटी, उन्हाळ्यात पाणी आणि बारा महिने लाकडाची मोळी. ठाकूर-कातकरी बाईच्या कण्याला उसंत कोणत्या महिन्यात मिळते? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडे या दोन्ही तालुक्यांत आजही आहेत. त्यांच्या पाठदुखीवरचा खरा उपचार दाराशी येणारा नळ हाच होय.

वैदूबाबा १९९६ साली वारला. आम्ही वसईहून गेलो तेव्हा त्याला नेऊन दोन दिवस झाले होते. पत्नीही बरोबर होती. रस्त्यापासून ठाकरवाडीपर्यंतची चढण ती आपल्या पायांनी चढली. ओटीवर त्याचा मुलगा बसला होता. तोही आता हाडे बसवितो, असे कळले. त्याच्यापुढे एक मजूर पाठ धरून बसला होता. आम्ही अंगणातच थांबलो. आतून आवाज आला, "रातीला कमी व्हतं का वाढतं?"